ऐंशी पोत्यांची गच्ची

गुंडप्पा दाळमिलमध्ये कामाला आला त्या दिवशी त्याने पहिलं पोतं डोक्यावर घेतलं. आम्ही सातही हमाल हसलो. क्विंटलचं पोतं कोणी डोक्यावर घेत नाही. दोघांनी उचलून द्यायचं, तिसऱ्याने पाठीवर घ्यायचं, कमरेत वाकायचं आणि पाय फार न उचलता चालायचं. डोक्यावर वजन नेणारा सरळ चालतो आणि चार वर्षांत त्याची मान जाते.

"माती वाहणारा दिसतोस," मुकादम म्हणाला. "कुठला रं तू?"

"किल्लारी."

मग कोणी हसलं नाही. १९९४चा जानेवारी होता. भूकंपाला साडेतीन महिने झाले होते. किल्लारीचं नाव निघालं की लातुरात माणसं देवळाबाहेर चपला काढल्यासारखी गप्प होत. मुकादमाने त्याला पाठीवर कसं घ्यायचं ते दाखवलं. दुसरं पोतं त्याने नीट नेलं. तिसऱ्यापासून त्याला कोणी शिकवलं नाही.

मी मूळचा मुरुडचा. अडतीस वर्षं हमाली केली, त्यातली चौदा गुंडप्पाच्या शेजारी. माणूस किती वजन उचलतो यावरून मी त्याला ओळखत नाही. ते अंगकाठीवर असतं. शेवटच्या तासाला तो पोतं कसं ठेवतो ते मी बघतो. बहुतेक जण टाकतात. गुंडप्पा सकाळी सातला ठेवायचा तसंच संध्याकाळी सहाला ठेवायचा.

किल्लारीत त्याला एक एकर कोरडवाहू जमीन होती. तिच्यावर घर चालत नव्हतं. वर्षभर दुसऱ्यांच्या शेतात, आणि मृगाच्या आधी दोन महिने माळवदाचं काम. तिकडची जुनी घरं जाड दगडी भिंतींची. वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचं छत. त्याला माळवद म्हणतात. पावसात गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर पांढरी माती चढवायची. जुनी माती कोणी काढत नसे. काढायची म्हणजे दुप्पट कष्ट, आणि फळ्या उघड्या पडणार. म्हणून जुनीवर नवी. खाली आज्याच्या हातची, वर बापाच्या हातची, त्यावर गुंडप्पाची.

गावात हे काम करणारे पाच-सहा जण होते. लोक आधी गुंडप्पाला बोलवत, कारण तो कमी टाकत नसे. दोनशे पाट्या ठरल्या तर दोनशे. मालक गावाला गेलेला असला तरी दोनशे. वरून धुम्मस मारून माती अशी बसवायचा की थेंब झिरपत नसे. गुंडप्पाचं माळवद गळत नाही, असं आजूबाजूच्या गावांत बोललं जाई.

भूकंपात ती छतं खाली आली. गुंडप्पा तेव्हा शेतात उडदाच्या राशीवर झोपला होता. मुलगी सिंधु आठ वर्षांची, ती उदगीरला मामाकडे होती. थोरल्या भावाच्या एकत्र घरात बायको रत्नम्मा, भाऊ आणि भावजय. तिघांवर अडीच हात माती पडली.

हे त्याने मला तिसऱ्या वर्षी सांगितलं, दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना.

"ज्यानं कामात चोरी केली ना शिवा, त्याच्या खालची माणसं वाचली," तो म्हणाला. "पल्याडच्या आळीत एक जण निम्म्याच पाट्या टाकायचा. पावसात गळायचं, लोक आईबहिणीवरून शिव्या घालायचे त्याला. त्याच्या माळवदाखालची माणसं मोडली, पर जित्ती निघाली. माझ्या खालचं एक बी न्हाई."

"तुला काय ठाव होतं?" मी म्हणालो.

"ठाव होतं. त्या उन्हाळ्यात भावाच्या घरावर शेवटच्या पाट्या टाकत होतो. तुळई बोलली. कर्र करून. दोनदा. मी थांबलो. मग म्हटलं, आता उतरलो तर लोक म्हणतील, सख्ख्या भावाला बी कमी टाकली. ऱ्हायलेल्या वीस पाट्या टाकल्या आन मग उतरलो."

मी माझी भाकरी संपवली.

आमची मिल बसवराज आप्पांची. आप्पा धोतर नेसायचे, कपाळाला विभूती लावायचे आणि हमालाला नावाने हाक मारायचे. तेव्हा मिल गावाबाहेर होती. आता तीच जागा शहराच्या मध्यावर आली आहे. तुरीची दाळ करायची तर तूर यंत्रात रोळून सालाला ओरखडे पाडून, तेल-पाणी लावून उन्हात वाळवावी लागते. त्यासाठी मिलच्या वर मोठी गच्ची होती. आम्ही तूर वर न्यायचो, बायका पसरायच्या, दोन दिवसांनी आम्ही खाली आणायचो. वर जायचा जिना एकोणतीस पायऱ्यांचा. पोतं पाठीवर असताना त्या मोजाव्याच लागतात.

१९९७ साली तूर उदंड आली. मुकादमाने घाईत एकशे दहा पोती गच्चीवर चढवली. गुंडप्पा एकटा खाली, यंत्रापाशी होता. तो अचानक बाहेर आला आणि ओरडला, "उतरवा! समदी उतरवा! बायास्नी आधी खाली काढा!"

मुकादम म्हणाला, "डोकं फिरलं का तुझं? किल्लारी हाय का ही?"

आप्पा गादीवरून उठून आले. गुंडप्पाने त्यांना आत नेऊन वर बोट दाखवलं. काँक्रीटच्या मधल्या तुळईला खालून तडा गेला होता. आधी केसाएवढा, बघता बघता काडीएवढा. आप्पांनी मुकादमाला एक शब्द बोलू दिला नाही. तासाभरात आम्ही सगळी पोती खाली आणली. इतक्या वेगाने मी आयुष्यात पुन्हा काम केलं नाही.

"किती पेलंल ही?" आप्पांनी विचारलं. इंजिनियरला नाही, गुंडप्पाला.

तो बराच वेळ वर बघत राहिला. "ऐंशी," म्हणाला. "ऐंशीच्या वर एक बी नको."

तडा सिमेंटने भरला. सिमेंट मी कालवलं, गुंडप्पाने भरलं. त्या दिवसापासून आप्पा असेपर्यंत गच्चीवर एक्क्याऐंशीवं पोतं चढलं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आम्हा आठांना माहीत होतं, तेवढं पुरत होतं.

आप्पा २००६ साली गेले. त्यांच्या मागे श्रीनाथने, त्यांच्या मुलाने, दोन वर्षं मिल चालवली. पोरगा वाईट नव्हता. आम्हाला समोर बसवून सांगितलं, की तूर आता बाहेरच्या देशातून बोटीने येते, नवीन यंत्रांच्या मिलमध्ये आठ हमालांचं काम पट्टा करतो, आणि जुन्या यंत्रात तूट फार जाते. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. २००८च्या दिवाळीनंतर यंत्रं निघाली. ट्रकमध्ये आम्हीच चढवली.

तोवर लातुरात दुसरंच पीक आलं होतं. बारावीची आणि डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला नांदेड, परभणी, बीड, पार सोलापूरकडून पोरं-पोरी येत होती. जिथे गुळाच्या भेली उतरत तिथे क्लासच्या पाट्या लागल्या. अडत दुकानाचं झेरॉक्स सेंटर झालं, गोदामाची मेस झाली. श्रीनाथने मिलच्या हॉलमध्ये भिंती घालून खोल्या पाडल्या, फरशी बसवली, गुलाबी रंग दिला आणि मुलींचं हॉस्टेल काढलं. आठ हमालांतला एकच ठेवला. गुंडप्पा गेटवर बसू लागला.

त्याला ठेवलं त्याचं एक कारण सिंधु होती. तिचं लग्न औश्याला झालं होतं, पण नवऱ्याने तीन वर्षांत परत पाठवलं. ती हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटू लागली. बाप-लेकीला गेटजवळ एक खोली मिळाली. पत्र्याची, पण संडास-नळासकट. गुंडप्पाचं सगळं आयुष्य आता त्या आवारात होतं. तिथून काढलं तर दोघांनाही काढणार, हे त्याला आणि सिंधुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बसून पगार घेणं त्याला जमलं नाही. खुर्ची दिली होती, तिच्यावर तो डबा ठेवायचा. सकाळी आवार झाडायचा, नळांना वायसर घालायचा, मुलींच्या ट्रंका वर न्यायचा. मी म्हणायचो, "वॉचमनचं काम बघायचं असतंय, करायचं नसतंय."

"नुसतं बघून हात दुखत्यात," तो म्हणायचा.

कंधारहून दत्तोपंत नावाचे एक गृहस्थ यायचे. तिथल्या कॉलेजात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवत. त्यांची मुलगी मनस्विनी हॉस्टेलमध्ये होती. दर पंधरा दिवसांनी एसटीने येत, लेकीला भेटत आणि परतीच्या गाडीपर्यंत गेटवर गुंडप्पाशी बोलत बसत. मी तिथे असलो की मीही ऐके. एकदा त्यांनी आम्हाला वर्गातलं समजावलं. देश मागास असतो तेव्हा माणसं शेतीत असतात. मग कारखान्यांत जातात. देश आणखी सुधारला की सेवा देतात, म्हणजे शाळा, दवाखाने, बँका, हॉटेलं.

गुंडप्पाने नीट ऐकून घेतलं. "मी शेतात होतो," तो म्हणाला. "मग कारखान्यात आलो. आता सेवा देऊन राहिलो. मंजे गुरुजी, माझं तर समदं झालं. पुढं काय असतंय?"

दत्तोपंत हसले. "पुढे पुस्तकात काही नाही."

"मग चहा घ्या."

२०१४ साली श्रीनाथने गच्चीवर मजला चढवायला काढला. विटांच्या अकरा खोल्या, वर पत्रा, आणि एका कडेला पाण्याच्या सहा टाक्या. मुलींची यादी लांबत होती. जागा नाही म्हणून पालकांना परत पाठवणं कोणत्याही धंदेवाल्याला जड जातं.

गुंडप्पाने पहिली टाकी वर जाताना बघितली आणि माझ्या घरी आला. मी तेव्हा काम सोडून घरी बसलो होतो.

"एक टाकी दोन हजार लिटरची," तो म्हणाला. "मंजे किती वजन?"

"पाणी ना? लिटरला किलो."

"मंजे वीस पोती. सहा टाक्यांची एकशेवीस. इटा सोड, कॉटा सोड, पोरी सोड. नुसतं पाणी एकशेवीस पोती, शिवा. ते बी बारा महिने. तूर दोन दिवसांनी खाली यायची."

मी म्हणालो, "श्रीनाथशी बोल."

तो बोलला. श्रीनाथने शांतपणे ऐकलं आणि इंजिनियरचा कागद दाखवला. टाक्या भिंतीच्या माथ्यावर आहेत, मधल्या तुळईवर भार नाही, असं त्यात होतं. गुंडप्पाने विचारलं, इंजिनियरने तडा बघितला का? श्रीनाथ म्हणाला, "कसला तडा?" खोटं बोलत नव्हता. १९९७ साली तो पुण्याला शिकत होता. तड्यावर आमचं सिमेंट होतं, त्याच्यावर चुना आणि त्याच्यावर गुलाबी रंग.

"काका, तुम्ही लई वर्षांचे," श्रीनाथ म्हणाला. "तुमच्या घरी जे झालं ते मला माहिती हाय. पण परत्येक छत किल्लारीचं नसतंय."

गुंडप्पा तिथून निघाला. पुढचे दोन महिने तो दुपारी मुली क्लासला गेल्या की हॉलमध्ये जाऊन वर बघत उभा राहायचा. सिंधुने त्याला एकदा माझ्यादेखत झापलं.

"आण्णा, पोरी घाबरायल्यात. तो म्हातारा छताकडं बघून काय पुटपुटतोय म्हणून वॉर्डनला विचारायल्यात. तुमाला हितं ऱ्हायचंय का न्हाई?"

"ऱ्हायचंय."

"मग खाली बघा. समदं जग वर बघून चालतंय का?"

"सिंधे, तुझी माय—"

"मायला मधी आणू नका." तिने पिठाचा हात पदराला पुसला. "माय गेली. मी हाय. माझ्याकडं बघा की एकदा. मला परत औश्याला धाडणार का मामाच्या दारात बसवणार?"

मला वाटलं आता तो गप्प बसेल. आठ दिवस बसलाही.

जूनमध्ये नवीन मुली आल्या आणि वरच्या खोल्या भरल्या. मनस्विनीची खोली खाली होती, बरोबर मधल्या तुळईखाली. गुंडप्पा आत बल्ब बदलायला गेला तेव्हा रंगाला बारीक रेघ दिसली. नवी होती की रंगच फुगला होता, ते त्यालाही सांगता येईना. पण त्या रविवारी दत्तोपंत आले तेव्हा त्याने त्यांना सगळं सांगितलं. एकशे दहा पोती, तडा, सिमेंट, ऐंशीचा नियम. दत्तोपंतांनी विचारलं, हे आणखी कोणाला माहीत आहे? आठांपैकी तिघे वारले होते, तिघे गावोगावी पांगले होते. गुंडप्पाने माझं नाव सांगितलं.

दत्तोपंत त्याच दुपारी माझ्याकडे आले. चहाला नको म्हणाले. ओट्यावर बसले.

"मला फक्त एवढं सांगा," ते म्हणाले. "गच्चीच्या तुळईला तडा गेला होता का? आणि मालकांनी ऐंशी पोत्यांचा नियम घातला होता का?"

माझ्या थोरल्या मुलाची रिक्षा आहे. तो हॉस्टेलच्या बारा मुलींना सकाळी क्लासला नेतो आणि संध्याकाळी आणतो. ते काम श्रीनाथने दिलं होतं. मुलगा तेव्हा आत जेवत बसला होता. त्याचं चावणं थांबलेलं मला ऐकू आलं.

"लई दिवस झाले गुरुजी," मी म्हणालो. "मला आठवत न्हाई."

दत्तोपंत उठले, नमस्कार केला आणि गेले. एवढंच झालं. चार शब्दांना मला काही श्रम पडले नाहीत. आयुष्यात इतकं हलकं काम मी दुसरं केलेलं नाही.

दत्तोपंतांनी तरीही मुलीला तिथून हलवलं. आणखी दोन पालकांना सांगितलं, त्यांनीही नेल्या. बाकीच्यांनी विचारपूस केली, इंजिनियरचा कागद बघितला आणि मुलींना ठेवलं. वर्ष महत्त्वाचं होतं, मध्येच जागा मिळत नाही. श्रीनाथने तिसऱ्या दिवशी गुंडप्पाला बोलावलं. शिव्या दिल्या नाहीत. "काका, तुमचं वय झालं, आता आराम करा," म्हणाला. खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगितली. सिंधुला मेसमध्ये राहायचं तर राहा म्हणाला, पण बापाशिवाय. तिने नको म्हटलं. पंधरा दिवसांत तिने पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मेसमध्ये काम धरलं, तिथल्या चार बायकांच्या खोलीत झोपायला जागा मिळाली. चौघींत पाचवी. बापाला तिथे जागा नव्हती.

गुंडप्पा किल्लारीला गेला. भूकंपानंतर नव्या गावठाणात त्याच्या नावाचं एक घर मिळालं होतं, पक्कं, दोन खोल्यांचं. मिळाल्यापासून त्याला कुलूप होतं. जाताना सिंधु एसटी स्टँडवर आली नाही. मी गेलो होतो. दत्तोपंतांना मी काय म्हणालो ते त्याने मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गाठोडं वर टाकायला मी हात लावला तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, जड न्हाई."

हॉस्टेल पडलं नाही. मी रोज त्या रस्त्याने जायचो आणि रोज ते उभं असायचं. महिना गेला, वर्ष गेलं. लोक विसरले. मी स्वतःला सांगू लागलो की गुंडप्पाचं डोकंच तसं झालं होतं.

मग २०१६चा उन्हाळा आला. लातूरला प्यायला पाणी उरलं नाही. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. नळ महिना-महिना कोरडे. हॉस्टेलं अंगणातल्या, टँकरने भरलेल्या हौदांवर चालू लागली. वर चढवायला पाणीच नव्हतं. श्रीनाथच्या गच्चीवरच्या सहाही टाक्या कोरड्या पडल्या. दोन उन्हाने तडकल्या, त्या त्याने काढून विकल्या. पुढे त्याने जमिनीखाली मोठा हौद बांधला आणि वरच्या टाक्या भरणं बंदच केलं. एकशेवीस पोत्यांचा भार दुष्काळाने उतरवला. ते छत खरंच किती पेलणार होतं, हे आता कोणालाच कळणार नाही.

मी जीपने किल्लारीला गेलो. गुंडप्पा घराच्या बाहेर बाजेवर बसला होता. वाळला होता. आत झोपत नाही, असं शेजारणीने सांगितलं. पावसातही ओसरीतच.

"टाक्या रिकाम्या झाल्या," मी म्हणालो.

"बरं झालं."

मी म्हणालो, "गुंडप्पा, मला आठवत होतं."

"ठाव हाय."

"तू विचारलं न्हाईस कधी."

"सिमेंट तूच कालवलं होतंस. विचारायचं काय?" त्याने बाजेचा सैल झालेला सुंभ ओढून घट्ट केला. "मला सांगून काय उपेग, शिवा? सिंधुला सांग. तिला वाटतंय मी येडा हाय. येड्या बापापायी घर गेलं असं धरून बसली ती. शाना होतो एवढं तरी कळू दे."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मेसवर गेलो. दुपारची वेळ. सिंधु तीनशे पोळ्यांची कणीक मळत होती. मी उभ्यानेच सांगितलं. तडा होता, ऐंशीचा नियम होता, मी खोटं बोललो.

ती मळत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही.

"का?" तिने विचारलं.

"रिक्षा."

"व्हय," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं." मग हात थांबवले. "शिवकाका, तुम्ही खरं बोलला असता तरी आमची खोली गेलीच असती. श्रीनाथदादानं काढलंच असतं. मला ते कळतंय. पर मी दोन वर्षं आण्णाला येडा म्हणत होते. लोकापशी म्हणत होते. ते कोण भरून देणार?"

आतून मेसची मालकीण ओरडली, पहिली पंगत बसली. सिंधुने कणकेचा गोळा तोडला. मी निघालो.

परीक्षा झाल्यावर मेसला सुट्टी लागली तेव्हा ती किल्लारीला गेली. दोन दिवस राहिली. बापाला म्हणाली, लातूरला चला, गल्लीत एखादी खोली बघते. तो नाही म्हणाला. तिथे उचलायला काही उरलेलं नाही, नुसतं बसायचं तर इथे बसतो, म्हणाला. पुढची अडीच वर्षं ती वर्षातून दोनदा जायची. त्याहून जास्त सुट्टी मेसमध्ये मिळत नाही. पोरी रोज जेवतात.

२०१९च्या जानेवारीत तो गेला. ओसरीत, झोपेतच. आम्हाला दुपारी कळलं. पोचेपर्यंत गावकऱ्यांनी सगळी तयारी केली होती. बसवून पुरलं, त्यांच्यात तशी रीत आहे. खड्डा खोल घेतला होता. माती लोटताना सिंधु तोंड फिरवून उभी राहिली. मी माझ्या वाटणीच्या पाच पाट्या टाकल्या आणि बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर ग्रामपंचायतीत गेलो. मृत्यूची नोंद करायची होती. टेबलापाशी एक तरुण मुलगा होता, संगणकावर रकाने भरत होता. नाव, वय, पत्ता, कारण. मग म्हणाला, "धंदा?"

सिंधुने माझ्याकडे बघितलं.

"हमाल लिहा," मी म्हणालो. "चौदा वर्षं हमाली केली."

"शेवटी काय करत होते?"

"शेवटी काही नाही," सिंधु म्हणाली. "त्याआधी वॉचमन. त्याआधी हमाल. त्याआधी माळवदाला माती टाकायचे."

"ताई, रकाना एकच आहे." त्याने दुसऱ्या खिडकीत काहीतरी उघडून बघितलं. "यांच्या नावावर एक एकर दिसतंय. शेती टाकतो. बहुतेकांचं तेच असतं."

"अहो, पण त्या जमिनीत पंचवीस वर्षं—" मी म्हणालो.

"झालं काका," तो म्हणाला. कागद छापून बाहेर आला होता. सिंधुने तो वाचला, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवला. संध्याकाळच्या पोळ्यांना तिला हजर राहायचं होतं. साडेदहाची जीप फाट्यावर उभी होती, तिकडे आम्ही चालू लागलो.